दिगंबर कोण होता?

पौष लागला की नगरकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला पाट्या उगवतात. 'अस्सल गावरान हुरडा', 'हुरडा पार्टी, झोपाळा व बैलगाडीची सोय'. एसटीच्या खिडकीतून मी त्या वाचत जातो आणि प्रत्येक पाटीला मनातल्या मनात विचारतो, की बाबा रे, तुझं शेत कुठंय? पाटीच्या मागे बहुधा ऊस असतो, नाहीतर एखादी बंद पडलेली रोपवाटिका. ज्वारीचं एक ताट दिसत नाही. हुरडा कुठून येतो, किती दिवस बर्फात असतो, असं विचारलं की मालक घाईघाईनं दह्याची वाटी पुढे करतो.

मी संशयी माणूस आहे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. उभी नोकरी एसटीत तिकीट तपासनीस म्हणून गेली. वाटेत गाडी अडवायची, वर चढायचं आणि चेहरे वाचायचे. ज्याच्याकडे तिकीट नसतं तो खिडकीबाहेर फार मन लावून बघतो. झोपेचं सोंग घेणारा तोंड मिटून झोपतो. खरा झोपलेला माणूस तोंड उघडं ठेवायला लाजत नाही. आता निवृत्त होऊन श्रीरामपुरात घर बांधलंय, पण डोळ्यांना लागलेलं वळण जात नाही. भाजीवाला 'ताजी हाय काका' म्हणाला की मी जुडी उलटी करून बघतो. बायको म्हणते, तुम्ही देवळातली घंटासुद्धा वाजते का ते बघायला वाजवता.

तरीही हुरडा आला की मला जो हंगाम आठवतो, त्यातला संशय माझा नव्हता. निदान सुरुवातीला तरी नव्हता.

माझी आत्या पाथर्डीच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याला राहते. तिचं माहेर, म्हणजे आमचं मूळ गाव, बेलापूर. पाटाच्या पाण्यात वाढलेली मुलगी, तिला दिली कोरडवाहू मुलखात. तिच्या यजमानांना मी मामा म्हणतो. आमच्याकडे आत्याच्या नवऱ्यालाही मामाच म्हणतात. त्यांचं नाव रंगनाथ. मूलबाळ झालं नाही. घरात दोघंच, आणि दोघांमध्ये मिळून एक कोंबडा, तो कुणाचंच ऐकत नाही.

आत्यानं मामांचं नाव कधी तोंडातून काढलं नाही. जुन्या बायका काढत नाहीतच, पण हिचं सोवळं फार कडक. रंग हा शब्दसुद्धा ती उच्चारायची नाही. भिंतीला रंग द्यायचा असला तर 'भिताडाला हात मारायचाय' म्हणायची, आणि रंगपंचमी तिच्या लेखी नुसती पंचमी. लग्नाकार्यात उखाण्याला बसवलं की तिला हमखास ठसका लागायचा. तो ठसका मला नेहमीच संशयास्पद वाटत आलाय. बाकीच्या बायका नवऱ्याला बोलवायला थोरल्या मुलाच्या नावानं हाक मारतात. हिनं काय करावं? हिनं बैलाचं नाव धरलं. 'ए ढवळ्याऽ' अशी हाक आली की गोठ्यात बैल आणि वसरीत मामा, दोघंही मान वर करायचे. पुढे बैल विकला, हाक तशीच राहिली. मामांनी त्याबद्दल कधी तक्रार केल्याचं मला आठवत नाही.

हुरड्याच्या दिवसांत त्यांचं गाव अर्धं रिकामं असतं. दिवाळी झाली की माणसं ऊसतोडीला निघून जातात, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, कोंबड्या, लेकरं घालून. घरांना कड्या लागतात. मागे उरतात म्हातारी माणसं आणि कुत्री, आणि आसपासच्या रानात उभी ज्वारी. सकाळी त्या ज्वारीत शिरलं की दहिवरानं सदरा भिजून अंगाला चिकटतो. पानांची धार हाताला लागते, संध्याकाळपर्यंत चुरचुरते. कोवळ्या कणसाला एक दुधाळ, गोडसर वास असतो. तो वास मी श्रीरामपूरच्या मोंढ्यात, पोत्यांच्या राशीत तोंड घालूनसुद्धा शोधलाय. मिळाला नाही. पिकल्या ज्वारीला तो राहत नसावा.

आणि पाखरं. चिमण्या, साळुंक्या, पण खऱ्या म्हणजे भोरड्या. थव्यानं येतात, एकाएकी सगळं आभाळ एका बाजूला कलल्यासारखं वाटतं, आणि उतरल्या की घटकाभरात कणसांनी भरलेली वाकुरी रिकामी करतात. त्यांना हुसकायला शेताच्या मधोमध चार मेढींवर माळा बांधलेला असतो. त्यावर उभं राहून कुणी गोफण फिरवतो, कुणी डबा वाजवतो. आत्याचा खांदा धरल्यापासून तिची गोफण सुटली होती. ती नुसती ओरडायची. आम्ही खळ्यावर आगटीपाशी बसलेलो असायचो, शेणकुटाच्या आरात कणसं भाजत, तळहातावर चोळत, लसणाच्या चटणीनं तोंड पोळून घेत. आणि लांबून तिचा आवाज यायचा. शब्द कळायचे नाहीत. खालून उचललेला, वर वर चढत जाणारा आवाज, आणि शेवटाला एक हिसका. थवा उठायचा.

तो आवाज आमच्या मीनलनं ऐकला आणि पुढचं सगळं झालं.

मीनल माझी मुलगी. पुण्यात कार्टून बनवणाऱ्या एका कंपनीत आवाजाचं काम करते. नोकरी लागली तेव्हा मी पेढे वाटले, कारण मला वाटलं, लहान मुलांसाठीची ससे-अस्वलं असतील. मग एकदा बोलता बोलता ती म्हणाली, की आमची मालिका मोठ्यांसाठी आहे. हे मला खटकलं. कार्टून, आणि मोठ्यांसाठी? दुकानदार एखादी वस्तू गल्ल्याखालून काढून देतो, तसं काहीतरी वाटलं. मी खोदून खोदून विचारलं. तिचं म्हणणं असं, की चित्रंच असतात, पण घरातल्या भांडणांची, भाऊबंदकीची, निवडणुकीची. खऱ्या नटाला उभं करून जे दाखवायची सोय नाही ते चित्र काढून दाखवता येतं. मध्ये मध्ये शिव्या असतात. शिव्या कोण लिहितं, असं मी विचारल्यावर तिला एकदम महत्त्वाचा फोन आला. मालिकेचं नाव मी इथे मुद्दामच लिहीत नाही. लिहिलं तर उद्या कुणीतरी दारात यायचं.

तर मीनल हुरड्याला आली होती आणि आगटीपाशी तिचा हात थांबला. "पप्पा, आत्याआजी काय ओरडते?" मी म्हटलं, पाखरं हुसकते. ती उठून ज्वारीच्या कडेपर्यंत जाऊन आली. काही दिवसांनी ती पुन्हा आली, यंत्र घेऊन. त्यांच्या एका भागात एक म्हातारी बांधावर येऊन नवऱ्याला हाक मारते, तेवढी हाक आत्यानं द्यावी, असं तिचं म्हणणं. पुण्यातल्या नट्यांनी मारलेली हाक गॅलरीतून दूधवाल्याला मारल्यासारखी येत होती.

मामांना खोकला, म्हणून त्यांना गावात पिटाळलं. मीनलनं बांबूला माइक बांधला. त्याला झिपऱ्या कुत्र्यासारखं केसाळ आवरण होतं, ते बघून आत्यानं पदर सावरला. हाकेतलं नाव होतं दिगंबर. मला वाटलं, इथे सगळं बिनसणार. चित्रातला का असेना, नवऱ्याला नावानं हाक मारायची म्हणजे आत्या माइकसकट सगळ्यांना बाहेर काढणार. तिनं एवढंच विचारलं, "ह्यो दिगंबर माझा कोन लागतो?" मीनल म्हणाली, नवरा, चित्रातला. आत्यानं जरा विचार केला आणि ती माळ्यावर चढली.

ती हाक मी खाली मेढीला धरून ऐकली. नवरा हरवलेल्या बाईचा आवाज होता तो, आणि त्यात रागही होता, लाडही होता, लाज मात्र नव्हती. मीनल यंत्र बंद करायला विसरली. आणखी एकदा म्हणशील का, असं तिनं विचारलं, तर आत्या खाली उतरत म्हणाली, न्हाई, एकदाच. माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली होती. सगळं फार सहज झालं होतं.

तो भाग तयार होऊन आला पुढच्या हुरड्याला. दुपारी खळ्यावर मीनलनं आपला टॅब पोत्याला टेकवून ठेवला, उन्हानं दिसेना म्हणून आम्ही चौघं एका कांबळ्याखाली डोकी घालून बसलो. भागातल्या म्हाताऱ्याचं घरात कुणी ऐकत नाही, चहा गार मिळतो, म्हणून तो रुसून ज्वारीत जाऊन बसतो. घरातल्यांना पत्ता लागतो तो टीव्हीचा रिमोट सापडेना तेव्हा. मग गावात उठतं, की बिबट्यानं नेलं. सरपंच ड्रोन मागवतो. गावातले दोन पक्ष दोन दिशांना शोधतात, कारण दुसऱ्याला आधी सापडता कामा नये. थोरला मुलगा श्रद्धांजलीचा फ्लेक्स छापून आणतो, त्यात बापाचा फोटो लहान आणि स्वतःचा मोठा. म्हातारा ताटांच्या आडून सगळं बघत असतो. मामा इतके हसले, की कांबळं दोनदा पडलं. हसता हसता त्यांना संशयही येत होता, आपला सरपंच पुण्याच्या पोरांना ठावा कसा, म्हणून.

मग ती म्हातारी बांधावर येते. शोधणारे दमून वडापाव खात असतात. ती तोंडाशी हात नेते, आणि आत्याचा आवाज येतो. दिगंबराऽऽ.

मामांचं हसणं थांबलं. त्यांनी ते पुन्हा लावायला सांगितलं. मग पुन्हा. तिसऱ्या वेळी ते कांबळ्यातून बाहेर आले आणि त्यांनी विचारलं, दिगंबर कोण? मीनल समजावू लागली, की आजोबा, ते गोष्टीतलं नाव आहे, लेखकानं दिलंय.

"नाव त्यानं दिलं आसंल," मामा म्हणाले. "आवाज कुनी दिला?"

त्यांचं म्हणणं त्यांनी सरळ मांडलं. नवं वासरू पहिल्याच दिवशी गाडीला नीट चालत नाही. ही हाक घोटलेली आहे. जन्मभर जिनं नवऱ्याला बैलाच्या नावानं बोलावलं, तिच्या तोंडून एका बाप्याचं नाव असं धबाधबा निघतं, म्हणजे ते आधी कधीतरी, कुठंतरी निघालेलं आहे. आत्या नुसती कणसं चोळत राहिली. तिनं एक शब्द काढला असता तर बरं झालं असतं, पण गप्प माणसावर संशय दुप्पट बसतो, हे मला गाड्यांतून ठाऊक आहे.

मामांनी बाज उचलून गोठ्याशेजारच्या छपरात नेली. जेवायला ते आत्याच्या आधी बसायचे किंवा नंतर. माळ्यावर तिची भाकरी घेऊन जायचं काम त्यांचं होतं, ते त्यांनी सोडलं. आत्या सकाळीच फडक्यात बांधून घेऊन जायची. आणि ती ओरडायची थांबली. डबा वाजवू लागली. भोरड्यांना डब्याची सवय झाली, त्या डब्याच्या तालावर खाऊ लागल्या. पण पिकाचं मला एवढं वाटलं नाही. त्या घरात तिसरं माणूस नाही, की जे मध्ये पडून चार शब्द इकडचे तिकडे करील. दोघांनी अबोला धरला तर ते घर मुकंच होणार, आणि त्या वयात मुकं झालेलं घर पुन्हा बोलायला लागेल याची मला खात्री नव्हती. मला त्याची फार भीती वाटली.

मामांचा फोन आला. "आशोक, तुमच्या बेलापुरात दिगंबर कोन हुता?"

मी कुणी नाही म्हणालो आणि फोन ठेवला. आणि ठेवल्या ठेवल्या मला आठवलं, की होता. लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा. गोरा, कुरळ्या केसांचा. आमच्याच आळीत राहायचा. आता मात्र माझा जुना आजार उचल खाऊ लागला. आत्या माहेरी आली की क्लॅरिनेट वाजायचा का? ती परत जाताना एसटीच्या थांब्यावर कोण कोण असायचं? मी बेलापूरला गेलो. सुगीच्या दिवसांत काही काम नसताना आलेला माणूस बघून आळीतल्या जुन्या शेजारीणकाकूंनी आधी माझ्यावरच संशय घेतला. आडून आडून विचारलं तर त्या हसत सुटल्या. आत्याच्या लग्नात हा दिगंबर पाळण्यात होता. अंगाला हळद लागलेली असताना त्याला कडेवर घेऊन मांडवात फिरली म्हणून आत्याला बोलणी बसली होती. मीनलकडून दुसरी खबर आली, की लेखकानं नाव घेतलं होतं त्याच्या घरमालकाचं, काहीतरी राग काढायला.

म्हणजे दिगंबर निकालात निघाला. तरी माझं समाधान होईना. मामांचा मुद्दा मला खोडता येत नव्हता. मीही ती हाक खाली उभं राहून ऐकली होती. पहिल्यांदा खोटं बोलणारा अडखळतो, आणि पहिल्यांदा खरं बोलणारा त्याहून जास्त. आत्या अडखळली नव्हती.

मी पाथर्डीला उतरून जीप धरली. पोचलो तेव्हा दोघं खळ्यावरच होती, दोन टोकांना. मी बेलापूरची सगळी हकिगत सांगितली, पाळण्यासकट. मामांनी ऐकून घेतलं. म्हणाले, दिगंबर नसंल, मान्य. मग हाक कुठं शिकली ते तिनं सांगावं. मी आत्याकडे बघितलं. खरं सांगायचं तर मलाही ते हवं होतं.

आत्या सूप खाली ठेवून म्हणाली, "व्हय. घोटलेली हाय."

मामांनी पटका काढून मांडीवर ठेवला.

"गाव सम्दं तोडीला जातं. रानात चिटपाखरू न्हाई. मंग पाखरांला काय वरडायचं? हाऽ हूऽ करून जीव कटाळतो. मी नाव टाकते त्यांच्याव. लगीन होऊन आले तवापासून टाकते. पाखरांला कुठं काय कळतं."

"कुनाचं नाव?" मामांनी विचारलं.

"ते मला तुमच्याम्होरं घेता येत न्हाई."

ती सूप उचलून पाखडायला लागली. मामा माझ्याकडे वळून, जणू मीच त्यांच्यावर काही आळ घेतला होता अशा आवाजात सांगू लागले, की इतकी वर्षं मी भाकरी घेऊन रानात शिरलो, मोटरसायकलचा आवाज झाला, की ही वरून गप्प व्हायची. मला वाटायचं, भूक लागली असंल. त्यांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले आणि धुराला नाव ठेवलं. आगटी अजून पेटवलेली नव्हती.

बाज वसरीत परत आली. आत्या माळ्यावर पुन्हा ओरडू लागली. मीनलच्या कंपनीनं आणखी दोन भागांसाठी विचारलं, त्याला तिनं नकार कळवला. आपलं ते आपल्या रानापुरतं, एवढंच म्हणाली. लोकांनी तो भाग पाहिला, हसले असतील. ज्वारीतून म्हातारा बाहेर येतो आणि पहिलं काय म्हणतो, तर चहा गरम आहे का. पण त्या हाकेपाशी कितीजण मामांसारखे थांबले असतील, ते मला कळायला मार्ग नाही.

यंदाही मी हुरड्याला गेलो होतो. मामा आता भाकरी घेऊन जायला मोटरसायकल काढत नाहीत. पायी जातात. भाकरी गार होते, कालवण सांडतं, पण ऐकत नाहीत. मला म्हणाले, चल. ज्वारीच्या कडेला आल्यावर त्यांनी पायातल्या चपला काढून काखेत धरल्या आणि मला हातानं थांबवलं. आम्ही दोघं म्हातारे, ताटांच्या आड, चोरासारखे उभे. वरून हाक आली. चढत गेली, शेवटाला हिसका. ह्या वेळी मला शब्द कळला. मामांनी मान खाली घातली होती, आणि नवरदेवाला बोहल्यावर बघावं तसा त्यांचा चेहरा झाला होता.

थवा उठला, डोंगराकडे गेला, दिसेनासा झाला. मी वाट बघत होतो, की आता ती थांबेल. पुन्हा हाक आली. पुन्हा तेच नाव. मला राहवलं नाही, मी दोन ताटं बाजूला करून वर बघितलं. माळ्यावरून सगळं रान दिसतं, बांध दिसतो, पायवाट दिसते, मामांचा पांढरा पटका तर लांबूनही दिसतो. आभाळात एक पाखरू नव्हतं. आत्या तोंडाशी हात धरून उभी होती, आणि तोंड तिचं आमच्याच बाजूला होतं.